पोस्टग्रेसचे मॅन्युअल : उक्त आणि अनुक्त

ज्या ग्रंथावर ग्रंथकर्त्याचे नाव नाही, जो कोणी आरंभापासून शेवटापर्यंत वाचून काढल्याचे ऐकिवात नाही, ज्याची नवी आवृत्ती दर वर्षी निघते आणि ज्याला किंमत पडत नाही, अशा ग्रंथाचे परीक्षण वाङ्मयीन मासिकात यावे काय, असा प्रश्न आमच्या काही वाचकांच्या मनात येईल. त्यावर आमचे उत्तर असे की, हे मासिक ज्या घरी जाते त्यांपैकी पुष्कळ घरांतून आज मुलगा, मुलगी, सून किंवा जावई संगणकाच्या धंद्यात आहेत. आणि ही मंडळी रात्री जागून जे वाचतात ते बहुधा कादंबरी नसून असाच एखादा ग्रंथ असतो. ज्या गद्यावर इतक्यांची भाकरी अवलंबून आहे त्याचे गुणदोष पाहावयाचे नाहीत, आणि शंभर प्रती खपलेल्या काव्यसंग्रहाचे मात्र बारकाईने पाहावयाचे, हा न्याय आम्हांस मान्य नाही.

प्रस्तुत ग्रंथ म्हणजे ‘पोस्टग्रेस-क्यूएल’ नामक डेटाबेसचे मॅन्युअल. सामान्य बोलण्यात त्याला नुसते पोस्टग्रेस म्हणतात व आम्हीही तसेच म्हणू. डेटाबेस म्हणजे काय हे कळण्यास जुन्या पेढीचे उदाहरण पुरे आहे. पेढीवर कीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत. व्यवहार घडला की तो प्रथम कीर्दीत टिपावयाचा व मग सवडीने ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत चढवावयाचा, अशी शिस्त होती. पोस्टग्रेस हीच शिस्त पाळतो. मध्येच वीज गेली किंवा यंत्र कोसळले तरी कीर्द शाबूत असल्यास खतावणी पुन्हा उभी करता येते. दुकानांचे हिशेब, आगगाडीची तिकिटे, रुग्णालयांतील नोंदी ह्यांसारखा जो जो मजकूर हरवून चालत नाही तो अशा यंत्रवह्यांच्या हवाली आपण केलेला आहे. त्या वह्या कशा सांभाळाव्यात हे सांगणारा ग्रंथ सुबोध आहे की दुर्बोध, पुरा आहे की अपुरा, हा प्रश्न म्हणूनच केवळ कारागिरांपुरता राहत नाही.

पोस्टग्रेसचा जन्म १९८६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत, मायकेल स्टोनब्रेकर ह्या प्राध्यापकांच्या हाताखाली झाला. पुढे अँड्र्यू यू आणि जॉली चेन ह्या दोघांनी त्यास एसक्यूएल ही सर्वमान्य प्रश्नभाषा शिकविली, आणि १९९६ साली त्यास आजचे नाव मिळाले. ह्यानंतर त्याला कोणी एक धनी राहिला नाही. जगभरचे कामकरी, कोणी कंपनीचा पगार घेऊन तर कोणी हौसेने, ते वाढवीत आले आहेत. त्याचा मूळ मजकूर कोणीही पाहावा, बदलावा, वाटावा. ह्यालाच ओपन सोर्स किंवा मुक्तस्रोत म्हणतात. ग्रंथाच्या मुखपृष्ठावरही ग्रंथकर्ता म्हणून ह्या सबंध मंडळाचेच नाव आहे. छापावयास घेतला तर तो तीन हजार पृष्ठांच्या घरात जाईल. नवशिक्याचा पाठ, प्रश्नभाषेचे विवेचन, व्यवस्थापकाचे कर्तव्य, प्रत्येक आज्ञेची स्वतंत्र नोंद आणि शेवटी यंत्राच्या पोटातील रचना, असा त्याचा विस्तार आहे.

आपल्या शास्त्रपरंपरेत वार्तिकाचे लक्षण सांगताना उक्त, अनुक्त आणि दुरुक्त ह्या तिहींचा विचार जेथे होतो ते वार्तिक, असे म्हटले आहे. कात्यायनाने पाणिनीच्या सूत्रांकडे ह्याच दृष्टीने पाहिले. सांगितलेले काय, सांगावयाचे राहिले काय आणि वाईट रीतीने सांगितले काय, ही कसोटी आजच्या यंत्रग्रंथांस लावण्यासारखी आहे. आम्ही ती येथे लावून पाहणार आहो. मात्र तिन्ही बाबींस सारखे वजन देण्याची आमची इच्छा नाही, कारण तसे ते नाही.

जे सांगितले आहे ते बहुतांशी उत्तम आहे. ह्या ग्रंथाचा पहिला गुण म्हणजे प्रांजळपणा. धंद्यातील पुस्तकांतून आपल्या मालाची उणीव झाकण्याकडे कल असतो. येथे उलट आहे. एसक्यूएल भाषेच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणातील कोणती कलमे पोस्टग्रेस पाळतो ह्याची यादी परिशिष्टात आहे, आणि तिच्या पाठोपाठ, कोणती पाळीत नाही ह्याचीही आहे. प्रत्येक आज्ञेच्या नोंदीअखेर ही आज्ञा प्रमाणास धरून आहे की आमची घरची आहे, हे सांगण्याचा प्रघात आहे. मजकूर साठविण्याच्या तीन जातींपैकी ठरावीक लांबीची जी जात, ती वेगवान असते अशी इतरत्र समजूत आहे. हा ग्रंथ स्वच्छ सांगतो की आमच्याकडे तसे नाही, उलट तीच बहुधा सर्वांत मंद ठरेल. आपल्याच दुकानातील एका मालाविषयी ‘हा घेऊ नका’ असे सांगणारा दुकानदार आमच्या पाहण्यात क्वचित येतो.

ह्याहून बोलके उदाहरण ‘हॅश’ नावाच्या सूचीचे. खतावणीतील खाते चटकन सापडावे म्हणून ज्या सूच्या ठेवतात त्यांपैकी ही एक. अनेक वर्षे तिचे बदल कीर्दीत टिपले जात नसत. म्हणजे यंत्र कोसळले तर ती सूची विश्वासार्ह राहत नसे. तेव्हा ग्रंथात तिच्यासंबंधी ठळक इशारा होता, आणि तिचा वापर करू नये असाच सल्ला होता. २०१७ च्या दहाव्या आवृत्तीत ही उणीव दूर झाली व त्याबरोबर तो इशाराही ग्रंथातून निघून गेला. इशारा घालणे सोपे आहे. तो वेळेवर काढून घेणे हे अधिक जागरूकतेचे काम आहे, कारण भीती घालणारे जुने वाक्य कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. रस्ता दुरुस्त होऊन दहा वर्षे झाली तरी ‘पुढे खड्डा आहे’ ही पाटी तशीच उभी असते, हा अनुभव आपणां सर्वांस आहे.

आणखी एक तत्त्व ह्या ग्रंथाच्या प्रास्ताविक भागात आहे, त्याकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. एखादी गोष्ट करता येते की नाही हे ग्रंथावरून कळत नसेल तर तो ग्रंथाचा दोष समजून कळवावा, असे तेथे सांगितले आहे. आणि ग्रंथ एक सांगतो व यंत्र दुसरेच करते असे दिसल्यास तोही दोष मानला आहे. म्हणजे यंत्राची परीक्षा ग्रंथावरून व्हावयाची. मॅन्युअल म्हणजे यंत्र तयार झाल्यावर कोणी उमेदवाराने बसून लिहिलेले टिपण, ही सर्वत्र रूढ असलेली कल्पना येथे उलटी केली आहे. ग्रंथ हा करार आहे. ह्या एका भूमिकेमुळे पुढील सर्व टीकेस अधिकार प्राप्त होतो.

(जाता जाता एका मौजेच्या परिशिष्टाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. तारखा कशा मोजाव्यात ह्या प्रकरणी ग्रंथकारांनी ज्युलियस सीझर, पोप ग्रेगरी, १५८२ चा पंचांगबदल आणि स्कॅलिजर नामक पंडिताची दिनगणना ह्यांचा लहानसा इतिहासच देऊन टाकला आहे. यंत्र चालविणाऱ्यास त्याची गरज नाही. पण लिहिणाऱ्यास विषयाची गोडी लागली होती, हे तेथे दिसते. आणि तीन हजार पृष्ठांच्या वाटचालीत अशी एखादी सावली असावी.)

आता अनुक्ताकडे वळू. येथे मात्र सौजन्य बाजूला ठेवणे भाग आहे.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब ह्या कंपनीत जो अपघात घडला त्याचा सविस्तर वृत्तान्त त्या कंपनीनेच प्रसिद्ध केला आहे, आणि तो तिला भूषणावह आहे. हजारो प्रोग्रामरांचे काम सांभाळणाऱ्या ह्या कंपनीची मुख्य खतावणी एका सर्व्हरवर होती व तिची जिवंत नक्कल दुसऱ्यावर. त्या रात्री कामाचा भार वाढून नक्कल मागे पडली व अखेर तुटली. ती नव्याने उभारण्यासाठी पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी-बेसबॅकअप’ नावाची आज्ञा आहे. कामावरील मंडळींनी ती दिली. पडद्यावर काहीच उमटेना. अधिक बोलके उत्तर मागण्याची खूण जोडली, तरी यंत्र मुकेच. वस्तुतः बिघाड असा नव्हता. मूळ सर्व्हर मजकूर पाठवू लागेपर्यंत ही आज्ञा गुपचूप वाट पाहत बसते, हा तिचा स्वभावच होता. परंतु हे त्या वेळी हजर असलेल्यांपैकी कोणास ठाऊक नव्हते; आणि कंपनीच्या अहवालाप्रमाणे ते कंपनीच्या स्वतःच्या टिपणांत किंवा पोस्टग्रेसच्या ग्रंथातील त्या आज्ञेच्या पृष्ठावर स्पष्ट लिहिलेले नव्हते.

मुक्या यंत्रापुढे थकलेला मनुष्य काय करतो? तर्क करतो. नकलेच्या सर्व्हरवर जुनी निर्देशिका शिल्लक असल्यामुळे काम अडले असावे, असा तर्क एका कामकऱ्याने केला व ती पुसण्याची आज्ञा दिली; परंतु ती दिली मुख्य सर्व्हरवर. एकदोन क्षणांत चूक लक्षात येऊन त्याने हात आवरला. तेवढ्यात सुमारे तीनशे गिगाबाइट मजकुरापैकी साडेचार गिगाबाइट उरला होता. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कारणासाठी एकाने काढून ठेवलेली प्रत दैवयोगाने सापडली म्हणून बाकीचे वाचले. मधल्या सहा तासांतील सुमारे पाच हजार प्रकल्पांच्या नोंदी, तितकेच अभिप्राय आणि सातशेच्या आसपास नवी खाती मात्र कायमची गेली.

सर्व खापर ग्रंथावर फोडणे अन्यायाचे होईल. बॅकअप घेणारी ‘पीजी-डंप’ ही दुसरी आज्ञा त्या कंपनीत नियमाने चालत होती, पण जुन्या आवृत्तीची. आणि स्वतःहून नव्या सर्व्हरचा बॅकअप ती घेत नाही, हे ग्रंथात उघड लिहिलेले आहे. ती निष्फळ होत होती, तसे कळवीतही होती, परंतु त्या सूचनांची पत्रे वाटेतच नाकारली जात होती. तेथे उक्त असूनही ऐकणारा कोणी नव्हता. तथापि दोन्ही गोष्टींत फरक आहे. जे लिहिलेले असून वाचले गेले नाही त्याबद्दल वाचकाने उत्तर द्यावे. जे लिहिलेच नाही त्याबद्दल वाचकास कसे विचारणार?

आज त्याच पृष्ठावर असे सांगितलेले आढळते की, बॅकअपच्या आरंभी मूळ सर्व्हरला स्मृतीतील सर्व बदल तबकडीवर उतरवून एक टप्पा पुरा करावा लागतो, त्यास वेळ लागू शकतो, आणि तोवर ही आज्ञा निष्क्रिय भासेल. दोन वाक्ये. साहित्यदृष्ट्या त्यांत काही नाही. अलंकार नाही, डौल नाही. परंतु ह्या सबंध ग्रंथातील सर्वांत मोलाची वाक्ये कोणती असे आम्हांस कोणी विचारले, तर आम्ही ह्यांकडे बोट दाखवू.

ही उणीव इतक्या निष्णात लेखकांच्या नजरेतून का सुटावी? आमच्या मते त्यांच्या निष्णातपणामुळेच. ज्याने ती आज्ञा रचली त्याला तिचे मौन हे मौन वाटतच नाही. आत काय चालले आहे ते त्याला दिसत असते. सुगरणीला पाककृती विचारली तर ती ‘अंदाजाने मीठ’ म्हणते, कारण तिचा अंदाज तिला अदृश्य असतो. चुकीचे वाक्य तज्ज्ञाच्या डोळ्यांत खुपते व तो ते दुरुस्त करतो. न लिहिलेले वाक्य त्याला दिसणे अशक्यप्राय आहे. ते दिसते फक्त अडखळलेल्या मनुष्याला, आणि तोही बहुधा वाट सापडताच पुढे निघून जातो. म्हणून अशा ग्रंथाची सुधारणा करावयाची म्हणजे लेखकांनी अधिक लिहावे एवढेच नव्हे. अडखळलेल्याने परत येऊन खड्डा कोठे होता ते सांगावे, आणि त्याचे ऐकून घेणारा कोणी तेथे असावा. ह्या कामाला कीर्ती नाही. नवे अंग जोडणाऱ्याचे नाव होते. दोन वाक्ये सुचविणाऱ्यास कोण विचारतो?

अनुक्ताचा असाच एक प्रकार खालच्या थरात घडला, तो अधिक गंभीर आहे. कीर्दीत टिपलेला मजकूर खरोखर तबकडीवर पोहोचला की नाही, हे पोस्टग्रेस स्वतः पाहू शकत नाही. ते त्याला संगणकाच्या मूळ प्रणालीस विचारावे लागते. पोस्टग्रेसचे रचनाकार अनेक वर्षे असे गृहीत धरून चालले होते की, लिहिणे फसले तर प्रणाली तसे सांगेल, आणि पुन्हा विचारले तर पुन्हा प्रयत्न होईल. २०१८ साली उघडकीस आले की लिनक्स प्रणालीत तसे घडेलच असे नाही. चूक एकदा सांगून झाली की दुसऱ्या विचारणीस ‘सर्व ठीक’ असे उत्तर मिळू शकते, मजकूर तबकडीवर गेलेला नसतानाही! फेब्रुवारी २०१९ मध्ये दुरुस्त आवृत्त्या निघाल्या. आता असा प्रसंग आला की सर्व्हर दुसऱ्यांदा विचारीत बसत नाही. तो काम थांबवितो व कीर्दीवरून खतावणी पुन्हा उभारतो. ह्यासाठी जी नवी कळ ठेविली आहे तिच्या नोंदीत हे कारण ग्रंथाने दिले आहे, ते योग्यच झाले. पण दोन शास्त्रांच्या सीमेवर एकाने काय आश्वासन दिले व दुसऱ्याने काय गृहीत धरले, हे दोघांपैकी कोणाच्याही ग्रंथात नीट लिहिलेले नसावे, आणि जगाच्या वह्या त्या भरवशावर चालाव्यात, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

दुरुक्ताविषयी थोडक्यात. ह्या ग्रंथाची परिभाषा जुन्या विद्यापीठीय दिवसांची आहे व ती नवख्यास फसविते. सर्वांत मोठा अपराधी ‘क्लस्टर’ हा शब्द. इतरत्र त्याचा अर्थ अनेक यंत्रांचा समूह. येथे मात्र एकाच सर्व्हरच्या ताब्यातील डेटाबेसांचा समुदाय. ज्याने दुसरीकडे काम केले आहे तो पहिल्याच प्रकरणात चुकीचे चित्र मनात घेऊन पुढे जातो. २०२० च्या तेराव्या आवृत्तीत शब्दार्थकोश जोडला गेला तेव्हा कोठे ह्याची दाद लागली. पण कोश शेवटच्या टोकास आणि गोंधळ आरंभास, अशी स्थिती अजून आहे. आकृत्यांच्या बाबतीत तर हा ग्रंथ फारच कृपण. २०१९ च्या बाराव्या आवृत्तीत मोजक्या आकृत्या आल्या, त्याही यंत्राच्या पोटातील रचनेच्या. ज्या नवशिक्यास चित्राची सर्वांत अधिक गरज त्याचा पाठ कोराच राहिला आहे. त्या पाठात सॅन फ्रान्सिस्कोचे हवामान नोंदवीत नोंदवीत विद्यार्थी एका खात्यातून दुसऱ्या खात्यात शंभर डॉलर नेण्यापर्यंत येतो. व्यवहार एक तर सर्व घडावा नाही तर मुळीच घडू नये, हे तत्त्व तेथे छान समजते. पण येथवर हात धरून आणलेल्या विद्यार्थ्यास पुढे एकदम अरण्यात सोडून दिले आहे. मधली पायरी नाही.

इतके दोष दाखवूनही आम्ही ह्या ग्रंथास त्याच्या बांधवांत श्रेष्ठ मानतो, आणि त्याचे कारण त्याच्या व्यवस्थेत आहे. ग्रंथाचा मजकूर व यंत्राचा मजकूर एकाच भांडारात नांदतात. नवा बदल सुचविणाऱ्याने ग्रंथातील मजकूरही बरोबर आणावा, अशी अपेक्षा असते. तो नसेल तर परीक्षक काम अपुरे म्हणून परत करतात. अकराव्या आवृत्तीच्या वेळी सबंध ग्रंथ एसजीएमएल ह्या जुन्या खुणापद्धतीतून एक्सएमएल ह्या नव्या पद्धतीत आणला गेला. फायलींच्या नावांस मात्र जुनेच शेपूट राहिले आहे. वाड्यातील मंडळी बदलली तरी दारावरची पाटी आजोबांच्याच नावाची, तसे. शिवाय ज्या परवान्याने यंत्र मुक्त, त्याच परवान्याने ग्रंथही मुक्त आहे. ही बाब किरकोळ नव्हे. मायएसक्यूएल ह्या प्रसिद्ध डेटाबेसचे यंत्र मुक्त परवान्याखाली आहे, पण त्याचे अधिकृत मॅन्युअल तसे नाही. २००९ साली मायकेल विडेनियस व त्यांच्या सोबत्यांनी वेगळी चूल मांडून मारियाडीबी काढली तेव्हा यंत्र उचलून नेता आले. ग्रंथ मात्र नेता येईना, तो नव्याने लिहावा लागला. घर वाटणीस आले आणि घराची कागदपत्रे दुसऱ्याच्या पेटीत राहिली, तर त्या वाटणीस आपण काय म्हणू?

मुक्ततेचा दुसरा लाभ भाषांतराचा. जपानात पोस्टग्रेस वापरणाऱ्यांच्या संघाने हा सबंध ग्रंथ जपानी भाषेत आणला आहे व तो नव्या आवृत्त्यांबरोबर चालू ठेविला आहे. फ्रेंच व रशियन भाषांतही तसे झाले आहे. पुण्यामुंबईत ह्या यंत्रावर उपजीविका करणारे मराठी लोक थोडे नाहीत. तीन हजार पृष्ठे मराठीत आणा असे आम्ही म्हणत नाही; असला उत्साह पहिल्या शंभर पृष्ठांत मावळतो, आणि अर्धवट राहून जुने झालेले भाषांतर हे भाषांतर नसण्यापेक्षा अधिक घातक असते. परंतु शब्दार्थकोशाचे परिशिष्ट लहान आहे. राज्यव्यवहारकोश ज्या भूमीत रचला गेला तेथे हे काम कोणी अंगावर घेण्यास हरकत नसावी. ‘क्लस्टर’ला मराठीत काय म्हणावे ह्यावर वाद होईल तो होवो, निदान वाद करणाऱ्यांस त्या शब्दाचा येथील अर्थ तरी नक्की करावा लागेल.

ग्रंथाची नवी आवृत्ती बहुधा पावसाळा सरता सरता निघते व प्रत्येक आवृत्ती पाच वर्षे सांभाळली जाते. तेव्हा आपल्याकडील यंत्र ज्या आवृत्तीचे असेल त्याच आवृत्तीचा ग्रंथ पाहावा. ज्यांस सर्व वाचण्यास सवड नाही त्यांनी बॅकअप घेण्याचे व तो परत उभा करण्याचे प्रकरण आधी वाचावे. त्यात तीन मार्ग सांगितले आहेत आणि प्रत्येकाच्या मर्यादाही दिल्या आहेत. ते वाचताना पीजी-डंप आणि पीजी-बेसबॅकअप ह्या दोन आज्ञांची पृष्ठे शेजारी उघडी ठेवावीत, व दुसऱ्या पृष्ठावरील टीप वगळू नये.